तुमच्या आईकडचं आडनाव

तुमच्या बाबांचं आडनाव कुठून आलं, हे तुम्हाला माझ्यामुळे कळलं. तुमच्या आईचं कुठून आलं, ते तुम्हाला कळू दिलं गेलं नाही. दोन्ही गोष्टी मागच्या उन्हाळ्यात जर्मनीत, वाल्डॉर्फला, तुमच्या घरातल्या त्याच जेवणाच्या टेबलाशी घडल्या, म्हणून दोन्ही एकत्र लिहिते. मला गोष्ट क्रमानं सांगायची सवय आहे. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, ती सवय आता जायची नाही.

नागपुरातला मे महिना म्हाताऱ्या माणसानं काढायचा नसतो, असं तुमची आई म्हणते आणि दरवर्षी मला बोलावून घेते. मागच्या वर्षी मी आले तेव्हा छोट्या अजून किंडरगार्टनमध्ये होता आणि तायडे, तू चौथीत. एक दिवस शाळेतून आलीस, दप्तर पॅसेजमध्ये टाकलंस आणि जाहीर केलंस, “आजी, पापा वाइस निक्स!” बाबाला काहीही माहीत नाही. काय माहीत नाही, ते हळूहळू कळलं. वर्गात प्रत्येकानं आपल्या आडनावाची गोष्ट सांगायची होती. पोस्टर करायचं, वर्गासमोर उभं राहायचं आणि बोलायचं. ऐकायला आईवडील येणार. आडनावांच्या अर्थानं तुझ्या वर्गात म्हणे एक पिठाच्या गिरणीवाला होता, दोन शिंपी होते आणि एक चक्क कोल्हा होता. तुझं काय, ते तुला माहीत नव्हतं आणि तुझ्या बाबालाही नव्हतं.

तुमचे बाबा संध्याकाळी घरी आले तर हसायला लागले. “आई, मला इतकंच माहीत आहे की ते लिहिताना प्रत्येकजण चुकतो.” त्यांचं बोलणं इंग्रजीत असतं, पण ‘आई’ ते नीट म्हणतात. या जावयाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, आजही नाही.

काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. परदेशात म्हाताऱ्या माणसाला फार कमी कामं सोपवली जातात. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, छोट्याला खाली बागेत न्या. हे माझ्या शिक्षणाचं काम होतं. वाचनालयातून पुस्तकं आणली, आणि तुमच्या आयर्लंडच्या आजीला फोन लावायला सुरुवात केली. आम्ही विहिणी लग्नातसुद्धा एवढं बोललो नव्हतो. तिचं इंग्रजी इतकं भरभर आणि इतकं गाण्यासारखं, की पहिल्या फोनला मी नुसतं हो हो करत होते.

तर तुमचं आडनाव. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. काही आडनावांपुढे ‘ओ’ असतो, त्याचा अर्थ नातू, किंवा त्या वंशातला. पिढ्यानपिढ्या चालणारी आडनावं आयर्लंडात हजारेक वर्षांपूर्वीच लावायला लागले होते. युरोपात बऱ्याच ठिकाणी तेव्हा नुसत्या नावावर काम भागत होतं. तुमच्या आडनावाचा अर्थ ‘लोहाराचा मुलगा’. आयरिश भाषेत मुलीच्या आडनावाला ‘मॅक’ लागत नाही, वेगळा शब्द लागतो, आणि लग्न झालेल्या बाईला आणखी वेगळा. हे ऐकून तू चिडली होतीस. “वारूम? का? मी काय वेगळी आहे?” मी म्हटलं, बाळा, हा प्रश्न चांगला आहे, तो पोस्टरवर लिही. तू लिहिलास, लाल पेननं.

लोहार त्या जुन्या समाजात मोठा माणूस. तलवार तो घडवणार, नांगराचा फाळ तो घडवणार. राजाच्या मेजवानीत त्याची जागा ठरलेली. त्याच्या हातात काही जादू असते असंही लोक मानायचे. मग इंग्रजांचं राज्य आलं. कारकुनांनी कानावर पडतील तशी आडनावं लिहून घेतली. ‘मॅक’ आणि ‘ओ’ गळाले. कुणी भीतीनं काढले, कुणी पोटासाठी. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांना आपल्या भाषेचा अभिमान वाटायला लागला, तेव्हा अनेकांनी ते पुन्हा लावून घेतले.

आणि काहींनी तर आडनावाचा सरळ अनुवाद केला होता. तुमच्याच घरात हे झालं होतं. तुमच्या आयरिश आजोबांचे आजोबा कामासाठी इंग्लंडला गेले. तिथे आयरिश नाव ऐकलं की भाड्यानं खोली मिळत नसे. मग इंग्रजीत लोहाराला जो साधा शब्द आहे, तोच त्यांनी आडनाव म्हणून लावला. खोली मिळाली. पुढे त्यांचा मुलगा आयर्लंडला परतला आणि त्यानं जुनं आडनाव परत घेतलं. विहीणबाई सांगत होत्या, “माझे सासरे म्हणायचे, माझ्या बापानं खोलीसाठी नाव दिलं. आता मला ती खोली नको.”

मी फोन ठेवला आणि रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट रंगवून सांगितली. तुमची आई वाढत होती. ती म्हणाली, “बिचारा. दुसरं काय करणार होता तो?”

“अगं, पण मुलानं परत घेतलं ना! त्याला लाज वाटली.”

“आई, भात घे,” ती म्हणाली.

मी भात घेतला. पुढे बोलत राहिले. मला काहीच कळलं नाही.

पोस्टरचा उजवा निम्मा भाग मी तुझ्या आईकडच्या आडनावासाठी धरला होता. ती गोष्ट मला कुठे शोधायला जायची नव्हती. ती अशी आहे, आणि तिच्यासाठी तुम्हाला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे नुसती ओळख नसते. मराठी माणूस पहिल्या भेटीत नाव विचारतो, आणि तुम्ही नुसतं नाव सांगितलं तर म्हणतो, “हो, पण आडनाव?” ते कळलं की त्याच्या डोळ्यांत एक हिशेब होतो. हिशेब क्षणभराचाच. आपली जात त्याला कळलेली असते. आमची जात अशी, की तुमच्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. तुमचे पणजोबा नागपूरच्या मैदानात लाखो लोकांबरोबर उभे राहिले आणि बौद्ध झाले. जुनं सगळं त्यांनी तिथे टाकलं. आडनाव तेवढं तेच राहिलं, आणि ते ऐकलं की लोकांना अजूनही जुनंच आठवतं.

तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं, अगदी भल्याच्या बुद्धीनं, की तुम्ही हुशार आहात, आडनाव बदलून घ्या. गावाच्या नावाला ‘कर’ लावा. एक प्रतिज्ञापत्र, गॅझेटमध्ये एक ओळ, पुढे कुणी विचारणार नाही. असं खूप जणांनी केलं होतं, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यानं त्यानं आपापलं सोसलेलं असतं. पण तुमचे आजोबा म्हणाले, “साहेब, माझ्या बापानं धर्म बदलला तो भर मैदानात, दिवसाउजेडी. आणि मी आडनाव बदलू गॅझेटच्या कोपऱ्यात?” घरी येऊन त्यांनी मला हे पहिल्यापासून दोनदा सांगितलं. साहेबांशी असं बोलायची त्यांना सवय नव्हती. तुमच्या आईच्या पदव्यांवर तेच आडनाव आहे. ती पहिली आली तेव्हा पेपरात तेच छापून आलं होतं, आणि आजोबा पेपर घेऊन ऑफिसला गेले होते.

तुमच्या आईनं लग्नात तुमच्या बाबांचं आडनाव घेतलं, तेव्हा फोनवर म्हणाली, “आई, इथे श्टांडेसाम्टमध्ये विचारतात. दोघांचं एकच असलं की पुढे मुलांची कागदपत्रं सोपी पडतात.” श्टांडेसाम्ट म्हणजे जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद करणारं सरकारी ऑफिस. आजोबा मला म्हणाले, “बरोबर आहे, तूही बदललंच होतंस.” विषय संपला.

आता मी पोस्टरबद्दल बोलायला लागले, तर तुमची आई म्हणाली, “एवढं सगळं कुठे मावणार आहे? टीचरनं एकच आडनाव सांगितलंय.”

“मी थोडक्यात लिहून देते.”

“आई, गरज नाहीये. डाव्या बाजूचंच मोठं करा.”

तिच्या आवाजात घाई होती. मला वाटलं, ऑफिसचं टेन्शन असेल.

शाळेतल्या कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी तुमच्याकडे मराठी मंडळी जेवायला आली. चार कुटुंबं, सगळी पुण्या-मुंबईची, सगळी तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीतली. सकाळी मी आमटीला फोडणी देत होते, तर तुमची आई मागून म्हणाली, “थोडा गूळ घाल गं. यांना सवय असते.” आमच्या घरी आमटीत कधी गूळ पडला नव्हता. मी घातला. पाहुण्यांच्या चवीनं करावं, हे मलाही मान्य आहे. हॉलमध्ये शेल्फवर बुद्धाचं डोकं ठेवलेलं आहे, ते बागेच्या सामानाच्या दुकानातून आणलेलं. तसं तिथल्या निम्म्या जर्मन घरांत असतं, काहींच्या न्हाणीघरातसुद्धा. निळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला तो दुसरा फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात बुद्धाशेजारी असतो, तो तुमच्याकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. मी विचारलं होतं. “भिंतीला खिळे ठोकायला घरमालक परवानगी देत नाही,” असं उत्तर मिळालं होतं.

जेवणं झाली आणि तुमचे बाबा म्हणाले, पोस्टर दाखव. तू सोफ्यासमोर उभी राहिलीस आणि जर्मनमध्ये सगळं सांगितलंस, मध्ये मध्ये माझ्याकडे बघत. ‘लोहाराचा मुलगा’ आलं तेव्हा तुमच्या बाबांनी उठून हवेत घण मारून दाखवला आणि सगळे हसले.

“वा! काय रुबाब आहे!” एक गृहस्थ म्हणाले. “लोहाराचं पोर! आपल्याकडे असं छाती काढून सांगेल का कुणी?”

“आपल्याकडे लोहाराचं पोर आरक्षण मागेल,” दुसरे म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले. तुमची आईसुद्धा हसली. मी तिच्याकडे पाहिलं, पण ती कप गोळा करत होती.

तुझ्या मैत्रिणीची आई माझ्याशेजारी बसली होती. मोकळी, बोलकी बाई. मला आवडली होती. ती म्हणाली, “काकू, आता आईकडची बाजूही हिला सांगा ना. तुमच्या आडनावाला तर केवढा इतिहास! पेशव्यांच्या दफ्तरात शोधलं तर ढीगभर निघेल.”

मला गंमत वाटली. “आमच्या? आमचं पेशव्यांच्या दफ्तरात काय निघणार हो?”

“असं काय म्हणता!” आणि तिनं एक आडनाव घेतलं. मूळचं कोकणातलं, पुण्यात नावाजलेलं. “तुम्ही त्याच ना?”

मला वाटलं, बाईंची गल्लत झाली आहे. मी अगदी सहज सांगून टाकलं, “नाही हो, ते माझ्या मुलीच्या पुण्याच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचं. आमचं वेगळं.” आणि मी आमचं आडनाव सांगितलं. स्वच्छ, मोठ्यानं, हजेरी घेताना घ्यावं तसं.

तो हिशेब मी आयुष्यभर पाहत आले आहे, म्हणून मला तो लगेच ओळखता आला. पण या वेळी त्यात आणखी काही होतं. ती बाई माझ्याकडे बघत नव्हती, तुमच्या आईकडे बघत होती. सगळेच तिकडे बघत होते. तुमच्या आईच्या हातात सहा कप एकात एक घातलेले होते आणि ती ते खाली ठेवत नव्हती.

“अच्छा, अच्छा,” कुणीतरी म्हणालं. “नागपूर, नाही का.”

“वडे छान झालेत हं काकू.”

मग सोमवारच्या मीटिंगची, मुलांच्या झोपेची आठवण निघाली आणि मंडळी उठली. दारात तुझ्या मैत्रिणीच्या आईनं तुमच्या आईला मिठी मारली आणि हळूच म्हणाली, “अगं, काही होत नाही. आम्ही नाही मानत असलं काही.” मी शेजारीच उभी होते. न मानणाऱ्यांना एवढ्या हळू का बोलावं लागतं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या बाबांनी तुम्हाला बागेत नेलं. मी स्वयंपाकघरात गेले. तुमची आई भांडी धूत होती, मशीन असताना. इतकी वर्षं ती माझ्याशीही पुण्यासारखं बोलत आली होती. त्या दिवशी एकदम नागपूरचं बोलणं बाहेर आलं.

“तू काहून सांगितलं, आई? काय गरज होती?”

“मला विचारलं, मी सांगितलं. तू काय सांगून ठेवलं होतंस?”

तिनं पुढचं पातेलं घासायला घेतलं.

“तिचं आडनाव लावलंस? त्या मुलीचं?”

“हो. तिचंच.” ती वळली. “तुला माहीत नाही, त्या मुलीची आई हॉस्टेलला आली होती. माझं आडनाव कळल्यावर तिनं दोन दिवसांत पोरीची खोली बदलून घेतली. मी तुम्हाला सांगितलं नाही. बाबांना त्रास झाला असता. मग इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात, एकाच्या गाडीतून हायडेलबर्गला जात होतो, आणि मागच्या सीटवरून प्रश्न आला. आडनाव काय? माझ्या तोंडून तिचं निघालं. मला बघायचं होतं, लावल्यावर कसं वाटतं.”

“कसं वाटलं?”

“कुणी काही विचारलं नाही, आई. इतकी वर्षं कुणी काहीही विचारलं नाही. तुला कळतं का, किती शांत वाटतं ते?”

मला कळत होतं. हे मला मान्य करायलाच हवं. तिचं दुःख खरं होतं आणि ती माझी मुलगी आहे. पण मला एक विचारल्याशिवाय राहवेना. “लग्नात नाव बदललंस, ते कागदपत्रांसाठी ना?”

तिनं नळ बंद केला. “यांचं नाव घेतलं की प्रश्नच संपतो. मराठी माणूस त्या नावाचं काय करणार? त्यातून कुणाला काही कळत नाही.”

“म्हणजे तू नावाशी लग्न केलंस?”

“नाही. यांच्याशीच केलं. पण नाव मिळालं, ते मला हवं होतं.”

तुमचे बाबा चांगले आहेत आणि तिचं त्यांच्यावर प्रेम आहे, यात मला शंका नाही. पण त्या क्षणी मला आजोबा दिसत होते, कोकणातून आयात केलेल्या आडनावाचे आजोबा. मी म्हटलं, “तुझे बाबा गेले, तेव्हा ही माणसं तुला भेटायला आली होती ना? तूच सांगितलं होतंस. डबे आणले, फुलं आणली.”

“आई, प्लीज.”

“कुणासाठी आली होती ती? कोण गेलं म्हणून सांगितलं होतंस त्यांना?”

ती रडायला लागली. मीही रडले असते, पण मला रडू आलं नाही. माझा नवरा जन्मभर एका नावासाठी बढत्या सोडत गेला. आणि वाल्डॉर्फमध्ये लोकांनी त्याच्या नावे शोक केला, तो त्याच्या नावे नव्हताच. हे माझ्या मुलीनं केलं होतं, आणि इतकी वर्षं दर रविवारी ती मला फोन करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या न्याहारीला मी बसले होते. तुमच्या आईबाबांचं आत बोलणं चाललं होतं. तुमच्या बाबांना आदल्या दिवशीच कळलं होतं, ते मला येऊन म्हणाले, “मी कधी विचारलंच नाही, आई. मला वाटलं, आडनावात काय असतं.” लोहाराचा मुलगा असूनसुद्धा त्यांना असं वाटलं.

मी तुला विचारलं, “तायडे, आईचं लग्नाआधीचं आडनाव तुला माहीत होतं?”

तू ब्रेडवर चॉकलेट लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “याऽ. आबर मामा झाग्ट, दास झागन वीर निष्ट.” हो, पण आई म्हणते, ते आपण सांगायचं नाही.

लाल सिग्नलला रस्ता ओलांडायचा नाही, हे तू ज्या आवाजात सांगतेस, त्याच आवाजात. छोट्यानं मान डोलावली. त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे तुम्हा दोघांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं, की माझं आडनाव ही न सांगायची गोष्ट आहे. आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर मला लागलं नव्हतं, तेवढं त्या टेबलाशी लागलं.

शाळेतल्या कार्यक्रमाच्या दिवशी मी जावं की नाही, यावर थोडी कुरबुर झाली. मी गेले. तुमच्या आईच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तू फार छान बोललीस. तुझा लाल पेनमधला प्रश्नही वाचलास, आणि तो मुलींना इतका पटला की टाळ्या पडल्या. खोलीची आणि इंग्लंडला गेलेल्या खापरपणजोबांची गोष्ट तू मी सांगितली तशीच सांगितलीस. शेवटी तुझ्या बाई कौतुकानं म्हणाल्या, “उंड फोन मामा?” आणि आईकडचं?

तू तुझ्या आईकडे पाहिलंस.

मला वाटलं, आता ती सांगेल. नुसती मान हलवली असती तरी तू सांगितलं असतंस, मला खात्री आहे. वर्गात मराठी माणूस एकही नव्हता. तुझी मैत्रीण दुसऱ्या वर्गात आहे. त्या जर्मन मुलांना, त्या शिंप्यांना आणि कोल्ह्याला, आमच्या आडनावातून कसलाही हिशेब करता आला नसता. म्हणजे तिथे भीती बाळगायचं काहीच कारण नव्हतं. तरीही तुमच्या आईनं मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागली.

“वाइस इष निष्ट,” तू म्हणालीस. मला माहीत नाही.

मी बोलू शकले असते. खुर्चीतूनच सांगता आलं असतं, इंग्रजीत, सगळ्यांना समजेल असं. मी गप्प बसले, कारण प्रश्न मला विचारलेला नव्हता. तुझ्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही, तायडे. तू आईला सांभाळून घेतलंस. पण चौथीतल्या मुलीला ते करावं लागलं.

पार्किंगमध्ये तुमची आई म्हणाली, “मी तिला काही सांगितलं नव्हतं. तीच तसं म्हणाली.”

“तू काही सांगितलं नाहीस, हेच म्हणते मी,” मी म्हटलं.

उरलेले दिवस आम्ही एकमेकींशी नीट बोललो. भाजी काय करायची, छोट्याला कोण आणणार, दवाखान्याची वेळ. फ्रँकफर्टला विमानतळावर ती म्हणाली, “आई, रागावलीस?”

“हो.”

“पुढच्या मेमध्ये येशील ना?”

“आले तर मला कोण म्हणून ओळख करून देशील?”

तिनं माझी बॅग सरळ उभी केली, चाकं तपासली. आत जायची वेळ झाली होती.

आता ती रविवारी फोन करते. मराठी मंडळींकडचं जाणं-येणं चालू आहे म्हणते, सगळे छान वागतात, फक्त बोलावणं पूर्वीइतकं वरचेवर येत नाही. हे ऐकून मला आनंद होत नाही. तिला वाटत होतं त्यातलं थोडं खरं निघालं, एवढंच. मागच्या फोनला ती म्हणाली, “मुलांना एवढ्यात काही लिहू नकोस. मोठी झाली की मीच सांगेन.” मी तिला शब्द दिला नाही. कधी मोठी, ते तिनं सांगितलं नाही, आणि माझं वय काही थांबून राहिलेलं नाही.

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं, तर तू एकटीनं वाचलं असतंस आणि छोट्याला सांगितलं असतंस. ते मला सोपं होतं. जन्मभर मी त्याच भाषेत लिहीत आले. मराठी तुम्हाला ऐकून समजते, पण वाचता येत नाही, आणि तुमच्या घरात ती वाचू शकणारं माणूस एकच आहे. म्हणून हे सगळं तुम्ही आत्ता तिच्या आवाजात ऐकत असाल. मधली काही वाक्यं तिनं गाळली असतील, तर गाळू देत. रडत असेल तर तिला पाणी द्या.

आमचं आडनाव मी वर कुठेच लिहिलेलं नाही. मला ते लिहिता आलं असतं, तुम्हाला ते ठाऊकही आहे, पण ते उघडपणे उच्चारलेलं माझ्याकडून तुम्हाला मिळावं अशी माझी इच्छा नाही. ते तुमच्या आजोबांनी तिला दिलं होतं. इथपर्यंत वाचून झालं असेल तर, पोरी, मुलं समोर बसली आहेत, दार बंद आहे, बाहेरचं कुणी ऐकत नाही. आणि ऐकलं तरी ऐकू दे. म्हण.